तुमची गोळी, मनीचं लिव्हर

परीक्षा संपली, फ्लॅटवरचे सगळे आपापल्या घरी गेले आणि मनी तुमच्या एकट्याच्या वाट्याला आली. कालपासून ती कॉटखालून बाहेर यायला तयार नाही. अंग गरम लागतंय, वाटीतलं खाणं तसंच पडलंय. रात्रीचे अकरा वाजलेत, कोपऱ्यावरचा प्राण्यांचा दवाखाना बंद. मग हात आपोआप स्वतःच्या औषधांच्या डब्याकडे जातो. तापाची साधी पॅरासिटामॉल, तीसुद्धा अर्धीच! त्याने काय होणारे?

थांबा. त्या अर्ध्या गोळीने मनीचा जीव जाऊ शकतो.

दोष गोळीचा नाही. गोळी जिथे जाते त्या यकृताचा, म्हणजे लिव्हरचा, हा सगळा मामला आहे. बरगड्यांच्या आड बसलेला हा अवयव शरीराचा कारखानाही आहे आणि कचरा डेपोही. पित्त तयार करायचं, साखर साठवून ठेवायची, रक्त गोठायला लागणारी प्रथिनं बनवायची, अमोनियाचा युरिया करून तो बाहेर काढायची सोय करायची आणि पोटात गेलेल्या बहुतेक औषधांची विल्हेवाट लावायची, ही सगळी कामं त्याचीच. आपल्यात, कुत्र्यात आणि मांजरात काम तेच, पण हत्यारं वेगळी.

पॅरासिटामॉल निकामी करायला आपलं यकृत जे एन्झाइम वापरतं, ते तयार करणारं जनुक मांजरात चालतच नाही. त्यामुळे औषधाचा विषारी भाग शरीरात साचतो आणि आधी रक्तातल्या लाल पेशींवर घाव घालतो. हिरड्या निळसर-तपकिरी होतात, तोंड सुजतं, धाप लागते. कुत्र्यात मात्रा जास्त झाली तर थेट यकृताच्या पेशी मरतात. आयब्युप्रोफेनही देऊ नका, ते पोट आणि किडनीची वाट लावतं. थोडक्यात, आपल्या डब्यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

एकादशी सोसत नाही

आता मनीच्या न खाण्याकडे या. ‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! मांजराच्या बाबतीत ते महागात पडू शकतं. मांजराने खाणं सोडलं की शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवायला लागतं. ती एवढ्या प्रमाणात हाताळणं त्या यकृताला जमत नाही, मग पेशींमध्येच चरबी भरत जाते. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपोटीही हे सुरू होऊ शकतं आणि गुबगुबीत मांजरांना धोका सगळ्यात जास्त. मालक गावाला गेला, घर बदललं, नवं मांजर आलं, अशा साध्या कारणांनीही मांजर जेवण सोडतं. त्यामुळे नेहमी खाणाऱ्या मांजराने अख्खा दिवस तोंड लावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि जाड मांजराला बारीक करायच्या नादात त्याचं खाणं एकदम तोडू नका.

बोलत नाही, म्हणून बघायचं

यकृताची गंमत म्हणजे त्याची ताकदच आपल्याला फसवते. बराचसा भाग खराब झाला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. त्यामुळे वरून काही दिसायला लागतं, तेव्हा उशीर झालेला असू शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा, लाड करता करता, दिवसाच्या उजेडात हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि कानाची आतली बाजू बघायची सवय लावा. पिवळी झाक दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. वजन उतरणं, वरचेवर उलट्या, गडद पिवळी लघवी, फुगलेलं पोट, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं किंवा उगाच गोल गोल फिरणं, हेही अंगावर काढू नका. डॉक्टर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी सांगतील. रिपोर्टमध्ये एएलटी वाढलेलं असेल तर यकृताच्या पेशींना इजा होतेय एवढंच कळतं. यकृत काम किती करतंय, हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन अशा बाकीच्या आकड्यांवरून ठरतं. तेव्हा एकच आकडा गूगल करून रडत बसू नका.

टॉनिकच्या आधी

‘लिव्हर टॉनिक चालू करू का?’ हा पुढचा प्रश्न. सिलिमारिनसारखी औषधं डॉक्टर उपचारांच्या जोडीला देतात, पण निरोगी प्राण्याला रोज बाटली पाजून यकृत ‘साफ’ होत नाही. यकृतासाठी रोज कलेजी हा समजही सोडा. मांजराला कायम कलेजीच मिळाली तर ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेची हाडं आखडतात.

खरा उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. कुत्र्याची वार्षिक लस चुकवू नका. तिच्यात यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूपासून संरक्षण असतं. लेप्टोस्पायरोसिसची लसही त्यात आहे ना, हे विचारून घ्या. पावसाळ्यात उंदरांची लघवी मिसळलेल्या पाण्यातून हा आजार येतो, यकृत आणि किडनी दोन्हीवर हल्ला करतो आणि कुत्र्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. दमट हवेत पोतं उघडं राहिलेलं खाणं, बुरशी आलेली भाकरी किंवा शेंगदाणे ‘फेकण्यापेक्षा कुत्र्याला’ घालू नका. काही बुरशींचं विष थेट यकृतावर जातं. हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही लागू आहे बरं का! झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगम कुत्र्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. सोसायटीच्या बागेतल्या सायकसच्या बिया तर फार विषारी, फिरवताना तिकडे लक्ष असू द्या.

आणि पैशांचं काय? पॉकेटमनीत प्राणी सांभाळणाऱ्यांना ही काळजी असतेच. आपल्या भागातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे, त्याची वेळ काय, हे आजच बघून ठेवा. मुंबईत परळचं, जुन्या लोकांच्या तोंडी ‘बैलघोडा’ म्हणून असलेलं हॉस्पिटल आहे आणि त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालयही.

आता पुन्हा रात्रीच्या त्या अकरा वाजता या. डबा बंद करा. रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर लावा, मनी केव्हापासून खात नाही ते सांगा. कुणी आधीच गोळी दिली असेल तर लाजू नका, लपवू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. गोळीची स्ट्रिप खिशात घाला आणि टोपलीत मनीला घेऊन निघा. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच चांगला लागू पडतो. सकाळ व्हायची वाट बघू नका.