चालता चालता बोलणं

सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडी-सिगारेटने, आपल्याकडे चुलीच्या धुरानेही, श्वासनलिका अरुंद होतात. लागलेला दम सगळ्यांना दिसतो, मेंदूवरचा भार मात्र दिसत नाही.

निरोगी माणूस बरंचसं आपोआप चालतो. कपाळामागचा मेंदूचा भाग हिशेबाला, गप्पांना मोकळा राहतो. सीओपीडीत मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल डळमळतो, लक्ष श्वासाकडे ओढलं जातं. मग नुसत्या चालण्यालाही याच भागाची मदत लागू शकते. संशोधक कपाळावर पट्टा बांधून त्यातून अवरक्त प्रकाश सोडतात, तिथल्या रक्तातल्या प्राणवायूचे बदल टिपतात आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. अशा वेळी अनेकांचं पाऊल मंदावतं किंवा हिशेब चुकतो.

1997 साली स्वीडनमधल्या एका पाहणीत, बोलताना चालायचे थांबणारे वृद्ध पुढच्या 6 महिन्यांत जास्त पडलेले आढळले. ती पाहणी सीओपीडीची नव्हती, पण या रुग्णांनाही पडण्याचा धोका अधिकच असतो. म्हणून आजोबा जिन्यात गप्प झाले, तर उत्तरासाठी अडून बसू नये. त्यांना आधी वर पोचू द्यावं, दम खाऊ द्यावा, मग विचारावं.