आधी कागद, मग पत्रा

पहाटे पावणेसहा. भटवाडीतून चालत घाटकोपर मेट्रो स्टेशन गाठतो. रोज साकीनाक्याला उतरतो, तिथल्या गल्लीत माझं वर्कशॉप आहे. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आत झोपायची, स्वयंपाकाची आणि अंघोळीची सोय करून द्यायची, हा माझा धंदा. आज मात्र आधी बोरिवलीला जायचं आहे. अंधेरीच्या एका नवरा-बायकोला तयार कॅम्पर व्हॅन विकत घ्यायची आहे, जुनी, आणि ती बघायला त्यांनी मला बोलावलंय. पश्चिम द्रुतगती महामार्ग स्टेशनवर उतरून गुंदवलीहून दुसरी मेट्रो पकडली की थेट बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान स्टेशन. २०२३ पासून ही सोय झाली, नाहीतर हायवेवर सकाळचे दोन तास जायचे. पिशवीत टॉर्च, मल्टिमीटर, छोटी हातोडी, लोहचुंबक आणि अंगाखाली घ्यायला जुनी चादर.

सव्वासात. मालकाला आदल्या रात्रीच निरोप दिला होता, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून बघितला. गार. डिझेल इंजिन थंड असताना पहिल्या सेल्फला कसं उठतं आणि पहिल्या मिनिटात कुठल्या रंगाचा धूर टाकतं, त्यावरून अर्धी कुंडली कळते. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची. ही गाडी साफ उठली. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाचा नव्यासारख्या दिसत होत्या, पण टायर सात वर्षांचे निघाले. कॅम्पर महिनोन्‌महिने उभीच असते, त्यामुळे तिचे टायर झिजत नाहीत, वाळून तडकतात. फिरायच्या गाडीत आणि राहायच्या गाडीत हा मोठा फरक.

मग चादर टाकून खाली शिरलो. बोरिवलीपासून समुद्र फार लांब नाही, आणि या गाडीच्या मागच्या चाकाच्या कमानीला नवा काळा रंग मारलेला होता. लोहचुंबक लावला. वर चिकटला, चार बोटं खाली आल्यावर गळून पडला. तिथे पत्रा उरलेलाच नाही, सगळी पुट्टी. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. शाबूत पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. चॅसिसचे आडवे बार मात्र चांगले होते. कमान कापून नवा पत्रा जोडता येतो, खर्च आहे पण उपाय आहे. चॅसिस गेलेली असेल तर मी आत पाऊलसुद्धा टाकत नाही.

आत छताच्या पंख्याभोवती प्लायवूडवर चहाच्या डागासारखी कड दिसली. मालक म्हणाले, "जुना डाग आहे." मी नळी मागवली आणि छतावर अर्धा तास पाणी सोडलं. विसाव्या मिनिटाला थेंब आला. छताला भोक पाडलं की तिथे साधं सिलिकॉन चालत नाही. गाडी हलते, पत्रा उन्हाने फुगतो-आखडतो, तिथे पीयू सीलंटच लागतं.

साडेनऊ. आता कागद. अंधेरीहून गाडी बघायला आलेल्या ताई आतल्या छोट्या ओट्यावर हात फिरवत उभ्या होत्या. ओटा सुरेखच होता, ज्या सुताराने केला त्याचं काम बघून मलाही बरं वाटलं. पण आरसीवर गाडी अजून बारा आसनांची प्रवासी गाडी. प्रत्यक्षात आसनं चार, बाकी पलंग आणि कपाटं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे. नोंदणीत जे लिहिलंय त्याच्याशी फारकत घेणारा बदल परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा आरसी आणि गाडी शेजारी ठेवून बघणार. मी त्यांना सरळ सांगितलं, "मालकांनी आधी आरटीओकडून वर्ग बदलून आणू दे, मग टोकन द्या." ताईंचा चेहरा उतरला. मालकही नाराज झाले. मला त्याचं वाईट वाटतं, पण बारा-पंधरा लाखांचा व्यवहार ओटा आवडला म्हणून करायचा नसतो.

बाकीचे कागदही असेच बघायचे. चॅसिसवर कोरलेला नंबर स्वतः वाचायचा. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घ्यायच्या आणि ट्रान्सफर आपल्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. स्वस्त दिसतात खऱ्या, पण तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी धरली की हिशेब बदलतो.

साडेअकरा. साकीनाका. वर्कशॉपात मुलुंडच्या काका-काकूंची गाडी आज द्यायची आहे. वायरमन शेवटच्या जोडण्या करतोय. मी स्वतः काम शिकलो ते व्हॅनिटी व्हॅनवर. नव्वदच्या दशकात पूनम ढिल्लाँ यांनी मुंबईच्या चित्रसृष्टीत या गाड्या आणल्या, आणि अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात सुतार, वायरमन, पत्रेवाले यांची एक पिढी त्यावर तयार झाली. आज कॅम्पर बांधणारे हात बरेचसे तेच. म्हणून लोक विचारतात, जुनी व्हॅनिटीच का घेऊ नये? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. व्हॅनिटी सेटवर उभी राहण्यासाठी केलेली असते. तिचा एसी, आरशाभोवतीचे दिवे हे सगळं बाहेरच्या जनरेटरवर चालतं, आणि लाकूडकाम इतकं जड की घाटात इंजिन रडतं.

कॅम्परला वीज स्वतःची लागते. शंभर अँपिअर-अवरची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट. रात्रभर पंखा, छोटा डीसी फ्रिज, दिवे, मोबाइल, थोडा लॅपटॉप यात ती दिवसभरात संपत येते. त्याच बॅटरीवर एसी लावला तर तासाभरात खेळ खलास. छतावरचं दोनशे वॉटचं पॅनेल कडक उन्हात दिवसाला पाऊण युनिटभर देतं, पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नये. इंजिनाची बॅटरी वेगळीच ठेवायची, म्हणजे रात्री पंखा चालवून सकाळी गाडीला धक्का मारायची पाळी येत नाही.

दीड. डबा खाताना पोरांना पुन्हा तेच सांगितलं, जमिनीलगतची हवेची जाळी कुणी बंद करायची नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला की खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली, जनरेटरचा धूर आत शिरला होता. तेव्हापासून माझ्याकडून सीओ अलार्म लावल्याशिवाय एकही गाडी बाहेर पडत नाही. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी.

चार. काका-काकू आले. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून विक्रोळी आणि तिथून पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंड. काकांच्या हाती स्टिअरिंग, मी शेजारी. कार चालवणाऱ्याला पहिली सवय लावावी लागते ती उंचीची. ही गाडी छतावरच्या पंख्यासकट पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. काही पुलांवर उंचीचे अडसर असतात, मॉलचं तळघर तर विसरायचंच. दुसरी सवय ब्रेकची. पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. ती मी दोन्ही आसांच्या मधे बसवतो. मागच्या आसापलीकडे वजन गेलं की पुढची चाकं हलकी पडतात आणि कसारा घाटात स्टिअरिंग नीट ऐकत नाही. उतारावर दुसरा गिअर, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही.

साडेपाच. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये गाडी मावणार नाही हे आधीच मोजलं होतं. काकांनी कमिटीकडून कंपाउंडमधली उघडी जागा लेखी मागून घेतलीय आणि चार्जिंगचा स्वतंत्र मीटरही. मुंबईत कॅम्पर घेणाऱ्याने गाडीआधी जागा शोधावी.

सात. शेवटचा धडा पाण्याचा. काकूंनी विचारलं, "अंघोळीला किती पाणी धरायचं?" म्हटलं, "काकू, माणशी सात-आठ लिटर, शॉवर बंद करून साबण लावायचा." त्यांनी वहीत लिहून घेतलं. अशा माणसांचा प्रवास चांगला होतो. पहिल्या फेरीला लांब जाऊ नका, इगतपुरी किंवा भंडारदऱ्यापर्यंत जा, एक रात्र राहा, काय कमी पडलं ते लिहून आणा, कपाटं नंतरही बदलता येतील, असं सांगून चाव्या दिल्या.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात पाणी, वीज आणि मैला सोडायची सोय असलेल्या पार्कची कल्पना आहे. असे पार्क वाटेवर सहज दिसू लागेपर्यंत जबाबदारी आपलीच. म्हणून गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. मुक्कामाला निघण्याआधी हॉटेलला किंवा एमटीडीसीच्या निवासाला फोन करून विचारा, पैसे द्या, आणि संडासाची टाकी तिथल्या शौचालयातच रिकामी करा. धरणाच्या काठावर, ओढ्यात, घाटाच्या वळणावर ती उघडू नका. खालच्या गावातली माणसं ते पाणी पितात.