अण्णांचा जन्म १९३७ चा की १९४० चा? राळेगणसिद्धीवर पेपर लिहिताय, तर आधी हे वाचा

गुगलवर अण्णा हजारेंची जन्मतारीख टाकून बघा. बहुतेक ठिकाणी १५ जून १९३७ दिसेल. जरा खाली स्क्रोल केलं की काही ठिकाणी १५ जानेवारी १९४० पण सापडते. माणूस एक आणि तारखा दोन.

आता समजा तुम्ही एमएसडब्ल्यूला आहात, राळेगणसिद्धीवर प्रबंध लिहिताय, आणि पहिल्याच पानावर अण्णांची ओळख द्यायची आहे. कोणती तारीख लिहाल?

कोणतीही लिहा, पण ती कुठून घेतली ते सांगा. दुसरी तारीखही सापडते, हे तळटीपेत टाका. म्हणजे उद्या कुणी तपासायला बसलं, तर त्याला तुमच्या मागे मागे जाता येईल. संदर्भ देण्याचं काम एवढंच आहे. स्वल्पविराम कुठे आणि अक्षरं तिरकी कुठे, हा नंतरचा विषय.

राळेगणचंच उदाहरण का? कारण पारनेर तालुक्यातल्या या गावावर भरपूर लिहिलं गेलंय. १९७५ मध्ये अण्णा लष्करातून निवृत्त होऊन गावात आले. मग पाणलोटाची कामं, दारूबंदी, १९९० ची पद्मश्री, १९९२ चं पद्मभूषण आणि २०११ चं लोकपाल आंदोलन. प्रत्येक टप्प्यावर लेखांची नवी लाट आली आणि नव्याने जुन्यातून उचललं. किती पाऊस पडतो, आधी किती जमीन भिजायची, नंतर किती भिजायला लागली, हे आकडे लेखालेखांत फिरत राहतात. आकडा एकरात आहे की हेक्टरमध्ये, कोणत्या वर्षाचा आहे, एका पिकाचा की दोन पिकांचा, हे वाटेत गळून पडतं.

एक वाक्य तर तुम्ही हमखास वाचलं असेल : 'जागतिक बँकेने राळेगणचा गौरव केला.' बरं, कोणत्या दस्तऐवजात? कोणत्या साली? लिहिलं कुणी? जागतिक बँकेच्या बऱ्याच प्रकाशनांत सुरुवातीलाच छापलेलं असतं की ही मतं लेखकांची आहेत, बँकेची असतीलच असं नाही. म्हणजे 'बँकेने म्हटलं' आणि 'बँकेच्या प्रकाशनात अमुक लेखकाने म्हटलं' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. व्हायवामध्ये परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

दुसरा घोळ होतो ऐकीव संदर्भाचा. २००६ मध्ये मुकुल शर्मा यांचा राळेगणवरचा एक पेपर 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. अण्णांचा नैतिक अधिकार गावात कसा उभा राहिला, याची त्यात चिकित्सा आहे आणि सूर टीकेचा आहे. पुढे ऑगस्ट २०११ मध्ये, आंदोलन ऐन भरात असताना, इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी 'द टेलिग्राफ'मधल्या लेखात शर्मांच्या अभ्यासाचा आधार घेतला. गुहांचं नाव मोठं, त्यामुळे पोस्ट फिरतात त्या 'गुहा म्हणतात' अशा.

गावात राहून अभ्यास केला शर्मांनी, श्रेय गेलं गुहांना. आणि तुम्हाला शर्मांचं म्हणणं पटलं नाही, तर खोडायचं कुणाला? गावाबद्दल एवढं गंभीर काही म्हणायचं असेल, तर मूळ पेपर काढून वाचा. मिळालाच नाही, तर सरळ लिहा : 'शर्मा (२००६), गुहा (२०११) यांच्या लेखात उद्धृत.' यात कमीपणा काही नाही. न वाचलेला पेपर वाचल्यासारखा यादीत टाकणं मात्र वाईट.

आता लिहायचं कसं ते बघू. समाजशास्त्रात बहुतेक एपीए शैली चालते. मजकुरात कंसात आडनाव आणि वर्ष, म्हणजे (शर्मा, २००६), आणि शेवटी यादीत पूर्ण नोंद : शर्मा, मुकुल (२००६), लेखाचं नाव, नियतकालिकाचं नाव, खंड ४१, अंक २०, पानं. पुस्तकाचं आणखी सोपं. गणेश आणि वसुधा पांगारे यांचं राळेगणवरचं इंग्रजी पुस्तक १९९२ मध्ये नवी दिल्लीच्या इन्टॅकने काढलं. लेखक, वर्ष, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, झालं काम. साहित्यवाले एमएलए वापरतात, तिथे कंसात आडनाव आणि पान क्रमांक. इतिहासवाल्यांचा जीव तळटीपांत असतो, त्यांची शिकागो. इंजिनिअरिंगला चौकटी कंसात नुसता आकडा. तुमच्या विभागाला कोणती शैली हवी ते गाइडला पहिल्याच आठवड्यात विचारा. मी शेवटच्या आठवड्यात विचारलं होतं, आणि यादीत चक्क 'स्रोत : इंटरनेट' असं लिहिलं होतं. वही परत आली.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या अडचणी मात्र या इंग्रजी नियमावल्यांत सापडत नाहीत.

एपीएमध्ये पहिल्या नावाचं फक्त आद्याक्षर देतात. आपल्याकडे 'पवार, स.' म्हटलं तर निम्मा महाराष्ट्र येतो. विद्यापीठाची हरकत नसेल तर पूर्ण नाव द्या. जुन्या मराठी पुस्तकावर शके असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं, जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९. पण पुस्तकावर छापलंय ते शकेही सोबत ठेवा. जुन्या प्रबंधांत 'तत्रैव' आणि 'उनि' दिसलं तर घाबरू नका. तत्रैव म्हणजे लगेच वरचाच संदर्भ, उनि म्हणजे आधी कुठेतरी दिलेला.

जिल्ह्याच्या नावाचं काय? २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पण १९९६ च्या पुस्तकावर 'अहमदनगर' छापलं असेल, तर संदर्भात अहमदनगरच राहणार. छापलेलं नाव आपण बदलायचं नसतं. तुमच्या स्वतःच्या मजकुरात अहिल्यानगर लिहा. आणि शोधताना इंग्रजीत 'राळेगण' बरोबर 'राळेगाव' असं स्पेलिंगही टाकून बघा, बऱ्याच लेखांत तसंच आहे. फक्त यवतमाळमध्ये राळेगाव नावाचा तालुका आहे, तिथला कापूस तुमच्या पाणलोटाच्या प्रकरणात यायला नको.

गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोललात, तर तोही स्रोतच. एपीएमध्ये अशी मुलाखत शेवटच्या यादीत येत नाही, मजकुरातच व्यक्ती आणि तारीख येते. नाव छापू का, हे आधी विचारा. गावात कोण काय बोललं हे सगळ्यांना कळतं, आणि तुम्ही पदवी घेऊन निघून जाता, तो माणूस तिथेच राहतो. ग्रामसभेचं इतिवृत्त बघायला मिळालं तर सोनं. सभेची तारीख आणि ठराव क्रमांक टिपून घ्या.

हे सगळं नाही केलं तर काय होतं? यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. संदर्भयादी आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे संदर्भ देणाऱ्याला नियमच सवलत देतो. आणि इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला म्हणून तो तुमचा होत नाही, सॉफ्टवेअरने पकडला नाही तरी.

आता तुम्ही म्हणाल, चॅटजीपीटी देतंय की यादी बनवून. देतं. लेखक, वर्ष, खंड सगळं झकास, फक्त कधीकधी असा पेपर जगात नसतोच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी असे खोटे निकाल कोर्टात सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक नोंदीचा डीओआय क्रमांक उघडून बघा, प्रबंध असेल तर शोधगंगावर शोधा. झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर यादी लावून देतं, पण देवनागरी आणि रोमन नोंदी एकत्र असल्या की क्रम एकदा डोळ्याखालून घाला. बरेच जण मराठी संदर्भ आधी आणि इंग्रजी नंतर, अशा दोन याद्या करतात. ते सोयीचं पडतं.