हाफकिन : साथ, लस आणि मोजदाद

वाल्डेमार हाफकिन यांच्याकडे वैद्यकीची पदवी नव्हती. पुढे भारतातल्या सरकारी डॉक्टरांनी त्यांच्याशी जे वैर धरले, त्याचे एक मूळ इथे आहे. १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि इल्या मेचनिकोव यांचे विद्यार्थी झाले. तरुणपणी झारविरोधी क्रांतिकारकांत त्यांची ऊठबस होती. १८८१ च्या ज्यूविरोधी दंगलीत ज्यूंच्या बचावासाठी ते उतरले, जखमी झाले आणि वर तुरुंगातही गेले. विद्यापीठात बढती हवी तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्हा, ही अट त्यांनी नाकारली. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडून जिनिव्हा गाठले आणि पुढच्या वर्षी मेचनिकोव यांच्या मागोमाग पॅरिसची पाश्चर संस्था. तिथे जागा रिकामी होती ती सहायक ग्रंथपालाची. ती त्यांनी पत्करली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घातला.

पहिला विषय होता पटकी. पटकीचे जंतू गिनिपिगच्या पोटात एकामागून एक वाढवत नेले की त्यांची मारकशक्ती वाढते, आणि उष्ण, खेळत्या हवेत ठेवले की ती घटते, हे हाफकिन यांनी दाखवले. आधी दुबळ्या जंतूंची आणि काही दिवसांनी जहाल जंतूंची, अशा दोन टोचण्यांची लस त्यांनी तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी स्वतःला टोचून घेतली. अंगात ताप भरला, उतरला, आणि त्या महिनाअखेर त्यांनी निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे मांडले. युरोपातल्या जाणकारांना ही लस फारशी पटली नाही. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पटकी जिथे घर करून आहे तिथे लस तपासावी, हा मार्ग त्यांच्या मदतीने मोकळा झाला. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

लस टोचणारे त्यांच्या आधीही होते. हाफकिन यांचे वेगळेपण हिशेबात होते. एकाच वस्तीतले, एकच पाणी पिणारे, एकाच छपराखाली राहणारे लोक घ्यायचे. जे राजी होतील त्यांना टोचायचे, उरलेल्यांची नावेही वहीत ठेवायची. आणि साथ आली की दोन्ही रकाने ताडून पाहायचे. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काट्टाल बागान वस्तीत पटकीचे रोगी सापडले. शहराचे आरोग्याधिकारी डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांनी हाफकिनना बोलावले. वस्तीतल्या सुमारे २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे दहा जणांना पटकी झाली, सात दगावले, आणि हे दहाही जण न टोचलेल्यांपैकी होते. संख्या लहान होती, पण वाद घालायला जागा फार नव्हती. आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत दोन वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली गेली. सगळीकडे निकाल इतके स्वच्छ आले नाहीत; काही ठिकाणी संरक्षण टिकले नाही, काही ठिकाणी डोस कमी पडला. ते आकडेही हाफकिन यांनी आपल्या अहवालांत ठेवले. १८९५ मध्ये हिवतापाने खंगून ते युरोपला परतले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी दिसू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी २३ सप्टेंबरला हा प्लेग असल्याचे निदान केले. सरकारी गोटात आधी शंका, मग धावपळ. धान्याच्या गोदामांत उंदीर मरून पडत होते, पण उंदरावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवेपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. तोवर उपाय म्हणजे चुना, फिनाइल, घरे उघडी पाडणे आणि माणसे उचलून नेणे. १८९७ च्या आरंभी जवळपास निम्मी मुंबई गावाकडे निघून गेली, आणि तिच्याबरोबर साथही गेली. त्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. पुण्यात रँड यांच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर घरांत, माजघरांत, देवघरांत शिरले; जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगनेच गाठले. सक्ती आणि संताप यांच्या या कैचीत लसीचे काम सुरू झाले, आणि ते सक्तीखेरीज करायचे हा हाफकिन यांचा आग्रह त्या दिवसांत सरकारातल्या अनेकांना दुबळेपणाचा वाटत होता.

१८९६ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाफकिन मुंबईत पोचले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. लस बनवण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. काचेच्या चंबूत मांसाचे पातळ सूप घालायचे आणि त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. हिंदूंना गाईचे आणि मुसलमानांना डुकराचे चालणार नाही, म्हणून सूप बोकडाच्या मांसाचे. तूप पृष्ठभागावर तरंगते, प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून वाढतात आणि तिथून खाली धाग्यांसारखे लोंबू लागतात. गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांसारखे दिसणारे हे धागे म्हणजेच पीक प्लेगचेच असल्याची खूण. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसतात आणि वर नवे धरतात. असे काही आठवडे चालले की दाट गढूळ द्रव तयार होतो. तो सुमारे ६५ अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे, टिकाऊपणासाठी अर्धा टक्का कार्बोलिक ॲसिड घालायचे आणि बाटल्यांत भरून बूच लावायचे.  काम इतके अंगावर येणारे होते की एक मदतनीस मनाने खचला आणि आणखी दोघे सोडून गेले. तीन महिन्यांत लस तयार झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःवर वापरली. नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी, दहा घन सेंटिमीटर. डॉ. नसरवानजी सर्व्हेयर यांनी कॉलेजच्या प्रमुखांसमक्ष ती टोचली. अंग फणफणले, टोचल्या जागी ठणका लागला, पण हाफकिन यांचे काम थांबले नाही. मग प्राध्यापक आणि शहरातले काही प्रतिष्ठित पुढे आले.

महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. मोजदादीसाठी तुरुंगाइतकी सोयीची जागा नाही, कारण सगळ्यांचे जेवण, झोपणे, काम सारखे आणि आत-बाहेर जाणे बंद. आजच्या नजरेला मात्र प्रश्न पडतोच, की कैद्याने दिलेल्या होकाराला होकार किती म्हणावे. त्या काळी तो कोणी फारसा विचारला नाही. तीनशेहून जास्त कैद्यांपैकी जवळपास निम्म्यांनी लस घेतली. न टोचलेल्यांत पुढे १२ जणांना प्लेग होऊन सहा मेले; टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावी आणखी कसून पडताळा झाला. घरोघर साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली. नंतर ज्या घरांत प्लेग आला, त्यांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले, टोचलेल्या ७१ पैकी तीन.

लोकांच्या मनातली धास्ती आकड्यांनी जाणारी नव्हती. टोचल्यावर दोन दिवस ताप येई, दंड सुजे, मजुरी बुडे. सुईतून सरकार विष घालते अशा कंड्या बाजारात फिरत. इथे खोजांचे धर्मगुरू तिसरे आगाखान कामी आले. त्यांनी चारचौघांत स्वतःला टोचून घेतले, एकदा नव्हे, वारंवार. खोजा समाजातले हजारो लोक त्यांच्यामागून आले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशनने १८९८-९९ मध्ये लस बनवण्यातल्या ढिलाईवर, विशेषतः प्रत्येक बाटलीतली मात्रा एकसारखी नसण्यावर बोट ठेवले, आणि लस उपयोगी असल्याचेही मान्य केले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मागणी वाढत गेली. पंजाबात प्लेग पसरला तेव्हा तिथल्या सरकारने लाखोंना टोचण्याची मोहीम आखली. एवढी लस वेळेत पुरवायची म्हणून परळला कृतीत बदल झाला : कार्बोलिक ॲसिड वगळून निर्जंतुकीकरणाचा भार उष्णतेवर टाकला. पाश्चर संस्थेत ही रीत रुळलेली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना ५३-एन या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. काही दिवसांत त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

या मृत्यूंसाठी नेमलेल्या चौकशी आयोगाचे प्रमुख मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते. बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळला, तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत असा कौल आयोगाने दिला आणि कार्बोलिक गाळल्याचा दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. कागदपत्रे पुढे छापून आली तेव्हा त्यांतली एक नोंद डोळ्यांत भरली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्वाळेवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुचकळून त्यानेच बूच काढले गेले. त्या दिवशी बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना कसलाही वास आला नव्हता, आणि धनुर्वाताचे जंतू आठवडेच्या आठवडे वाढलेली बाटली दुर्गंधीने ओळखू येते. शिवाय त्याच मूळ चंबूतून भरलेल्या दुसऱ्या बाटल्या निर्दोष निघाल्या होत्या. हाफकिन आयुष्यभर जी रीत वापरत आले, सारखे काय आणि वेगळे काय हे शेजारी ठेवून पाहायचे, तीच इथे लावली असती तर संशय परळऐवजी मुलकोवालच्या टेबलाकडे गेला असता. आयोगाने ती लावली नाही.

हिवतापाच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये हे प्रकरण हाती घेतले. त्यांनी वृत्तपत्रांत लेख लिहिले. जुलैमध्ये ‘द टाइम्स’मध्ये दहा नामवंतांच्या सह्यांचे पत्र आले, आणि त्यात सिम्प्सनही होते. परकीय, ज्यू आणि बिगरडॉक्टर अशा माणसाला बळी दिले, असे म्हणत काहींनी प्रकरणाची तुलना फ्रान्समधल्या ड्रायफस खटल्याशी केली. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेतले. परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्ता मिळाले, आणि तिथेही माणसांवर नव्या लसींच्या चाचण्या करण्याची मुभा नव्हती. निर्दोष ठरवूनही हात बांधून ठेवण्याचा हा सरकारी प्रकार. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले.

मुंबईत तयार होणारी त्यांची लस मात्र थांबली नव्हती. १८९७ ते १९२५ या काळात परळहून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९०६ पासून बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणवल्या जाणाऱ्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले, आणि १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. हाफकिन यांनी उत्तरायुष्यात ज्यू धर्माचरण कडकपणे पाळले, आणि आपली मिळकत पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मविद्यालयांतील शिक्षणासाठी न्यास करून देऊन टाकली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.