छोटा लॅपटॉप घेताना : वेग, बॅटरी आणि किंमत

कॉलेजच्या प्रवेशाचा हंगाम आला, की अनेक घरांत 'कमी पैशांतला छोटा लॅपटॉप' शोधण्यास सुरुवात होते. दुकानात मात्र किमतीची चिठ्ठी आणि 'दहा तास बॅटरी' ही जाहिरात एवढेच डोळ्यांत भरते. पुढील चार वर्षे ज्याच्यावर काढायची, त्या वस्तूची निवड एवढ्यावरच झाली तर पश्चात्तापाची पाळी येऊ शकते.

अशा संगणकांना पूर्वी 'नेटबुक' म्हणत. आसूस या तैवानी कंपनीने २००७ मध्ये आणलेल्या 'ई पीसी ७०१' ने ही लाट सुरू केली. सात इंची पडदा, ५१२ एमबी मेमरी आणि किलोपेक्षा कमी वजन. पुढे टॅबलेट आले आणि २०१३ च्या सुमारास नेटबुक हे नाव बाजारातून जवळजवळ पुसले गेले. प्रकार मात्र टिकला. आज सेलेरॉन किंवा इंटेल 'एन' मालिकेतील प्रोसेसर असलेले स्वस्त लॅपटॉप हे त्याचेच वारसदार होत.

वेग वाढला की बॅटरी लवकर संपणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो नेहमीच खरा नसतो. २०१९ चा 'सेलेरॉन एन ४०२०' आणि २०२३ चा 'एन १००' या दोन्ही प्रोसेसरांची कागदोपत्री ऊर्जामर्यादा सहा वॉटच आहे. पण पहिल्यात दोन गाभे, तर दुसऱ्यात चार. म्हणून केवळ कंपनीचे नाव न पाहता प्रोसेसरचा नेमका क्रमांक आणि तो कोणत्या वर्षीचा, हे विचारावे.

त्याहून महत्त्वाची मेमरी. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवणूक लागते. किमान म्हणजे पुरेशी नव्हे. ब्राउझरची आठ-दहा पाने आणि व्हिडिओ कॉल एकाच वेळी सुरू केले, की ४ जीबीचा संगणक अडखळू लागतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये मेमरी आणि 'ईएमएमसी' प्रकारची साठवणूक बहुधा मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे ८ जीबी मेमरी आणि एसएसडी यांबाबत शक्यतो तडजोड करू नये.

बॅटरीचे जाहिरातीतील तास बहुधा पडद्याचा उजेड कमी ठेवून मोजलेले असतात. त्याऐवजी 'वॉट-अवर' हा आकडा पाहावा. समजा, बॅटरी ३८ वॉट-अवरची आहे आणि संगणक सरासरी सात वॉट वीज खातो; तर ती साधारण साडेपाच तास चालेल. वापर वाढेल तशी बॅटरीची क्षमता घटत जाते, हेही ध्यानात ठेवावे.

उरला प्रश्न किमतीचा. ती वर्षांत भागून पाहावी. १८ हजारांचा लॅपटॉप दोन वर्षांत निरुपयोगी झाला, तर वर्षाला ९ हजार पडतात. २७ हजारांचा पाच वर्षे टिकला, तर ५,४०० च. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ ला अधिकृत मान्यता नाही.

केवळ टंकलेखन, ई-मेल आणि ऑनलाइन वर्ग एवढेच काम असेल, तर क्रोमबुकचाही विचार करता येईल. मात्र खरेदीपूर्वी त्याला अद्ययावत प्रणाली कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, हे तपासावे. अभ्यासक्रमात अभियांत्रिकीचे किंवा लेखापालनाचे खास सॉफ्टवेअर असेल, तर ते क्रोमबुकवर चालेल की नाही, याची चौकशी आधी कॉलेजात करावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी.