पडद्याविना संगणक : दुरून वापराची रीत

संगणक म्हटले की पडदा, कळफलक आणि माउस डोळ्यांसमोर उभे राहतात. वस्तुतः गणनकार्य करणारे यंत्र या तिन्हींवाचूनही चालू शकते. पडदा न जोडता बंद खोलीत अहोरात्र चालणाऱ्या अशा यंत्रास तंत्रज्ञ ‘हेडलेस’, म्हणजे शिरविरहित, संगणक म्हणतात. लिनक्स प्रणालीवरील एक शक्तिमान यंत्र एके ठिकाणी ठेवावे आणि अनेकांनी आपापल्या साध्या संगणकावरून त्याचा लाभ घ्यावा, ही यामागील कल्पना होय.

चित्र कोठे तयार होते?

लिनक्सवर चित्रमय कामाचा पडदा उभा करण्याचे कार्य दीर्घकाळ ‘एक्स विंडो’ प्रणालीने केले. १९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तिचा आरंभ झाला. कार्यक्रम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर उघडावी, ही सोय तिच्या रचनेतच होती. परंतु दूरच्या, मंद जोडणीवर हे काम रेंगाळते आणि जोडणी तुटताच चालू कार्यक्रमही सामान्यतः बंद पडतो.

ही अडचण ‘व्हीएनसी’ने दूर केली. इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत ही पद्धती विकसित झाली. तीत संपूर्ण पडद्याचे चित्र यंत्राच्या स्मृतीतच तयार होते. बदललेला भाग तेवढा वापरणाऱ्याकडे धाडला जातो आणि त्याने दाबलेली कळ यंत्राकडे परत येते. जोडणी तुटली तरी काम चालूच राहते. पुन्हा जोडून घेतल्यास ते होते तेथेच सापडते.

सुरक्षेचा प्रश्न

मूळ व्हीएनसी पद्धतीत परवलीच्या शब्दाची पहिली आठच अक्षरे विचारात घेतली जातात आणि चित्र सांकेतिक रूपात जात नाही. म्हणून तिचे द्वार इंटरनेटवर थेट उघडे ठेवणे धोक्याचे आहे. यावर उपाय म्हणजे ‘एसएसएच’ हा बंदिस्त मार्ग. फिनलंडमध्ये तातू युलेनेन यांनी तो १९९५ मध्ये निर्माण केला.

प्रत्यक्ष कृती

प्रथम यंत्रावर ‘एक्सएफसीई’सारखे हलके दृश्य-वातावरण व व्हीएनसी सेवा बसवावी. सेवा सुरू होताना हे वातावरण उघडण्याची सूचना दिलेली नसल्यास नुसता रिकामा पडदा दिसतो. सेवेने केवळ त्याच यंत्रावरील जोडणी स्वीकारावी, अशी योजना करावी. पहिल्या पडद्याचे द्वार ५९०१, दुसऱ्याचे ५९०२ असते. त्यानंतर आपल्या संगणकावरून एसएसएचचा मार्ग त्या द्वारापर्यंत न्यावा आणि मग दर्शक कार्यक्रम उघडावा. बाहेरून एसएसएचचे एकच द्वार उघडे राहते. त्यासही परवलीच्या शब्दाऐवजी सांकेतिक किल्ली लावणे श्रेयस्कर.

‘वेलँड’ या नव्या रचनेतही ही सोय येत आहे. २०२४ मधील ‘ग्नोम’च्या ४६ व्या आवृत्तीत पडदा नसलेल्या यंत्रावर दुरून प्रवेश घेण्याची व्यवस्था अंतर्भूत झाली.

विद्यार्थ्यांचे गुणपत्रक असो वा ग्रामपंचायतीची कर-नोंद, अशा यंत्रावर ठेवलेली माहिती लोकांची असते. प्रत्येकास स्वतंत्र खाते देणे, किल्ली जपणे आणि काम सोडून गेलेल्याचा प्रवेश त्वरित बंद करणे, ही दक्षता पाळली तरच दूरचे यंत्र जवळचे आणि विश्वासाचे ठरेल.