रोजनिशी : दैनंदिन कामांच्या नियोजनाचे साधे साधन

जबलपूर शहरातील दीक्षितपुरा हा जुन्या वस्तीचा भाग आहे. १७८१ मध्ये हा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये येथे इंग्रजांचा अंमल सुरू झाला. मराठी कारभारातील एक जुनी सवय आजच्या घरांनाही उपयुक्त ठरणारी आहे. ती सवय म्हणजे रोजनिशी.

पेशवाईत दररोजचे हुकूम, नेमणुका व खर्च यांची नोंद दप्तरात होत असे. पेशव्यांच्या रोजनिशीतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. कारकून बदलला तरी काम अडू नये, हा अशा नोंदींचा मोठा लाभ होता.

घराचा कारभार मात्र बहुधा एकाच व्यक्तीच्या स्मरणावर चालतो. शाळेचे शुल्क, वीजबिलाची मुदत, वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या वेळा हे सारे अनेकदा घरातील गृहिणीलाच ठाऊक असते. ती आजारी पडली की औषधाची वेळही चुकू शकते. हीच माहिती वहीत असेल तर घरातील कोणीही काम हाती घेऊ शकतो.

लिहिण्याचा दुसरा लाभ मनाला होतो. अपुऱ्या कामाचा विचार इतर कामांत व्यत्यय आणतो. परंतु ते केव्हा व कसे करायचे हे निश्चित केल्यास व्यत्यय कमी होतो, असे मासिकॅम्पो व बॉमाइस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना २०११ च्या अभ्यासात आढळले. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ९ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान असला तरी त्याचा निष्कर्ष लक्षणीय आहे.

यासाठी महागडी डायरी लागत नाही. साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक दिवसाला एक पान द्यावे. वर वेळेशी बांधलेली कामे आणि खाली उरलेली कामे लिहावीत. त्यांपैकी अत्यावश्यक अशा तीन कामांखाली रेघ ओढावी. नोंद नेमकी असावी. 'बँकेचे काम' असे न लिहिता 'सकाळी ११ वाजता बँकेत पासबुक भरून घेणे' असे लिहावे.

रात्री पाच मिनिटे काढून झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करावी. राहिलेले काम बाणाची खूण करून उद्याच्या पानावर न्यावे. एखादे काम तिसऱ्यांदा पुढे ढकलावे लागले, तर त्याचे लहान भाग करावेत, ते दुसऱ्याकडे सोपवावे किंवा सरळ खोडून टाकावे. अन्यथा यादी वाढत जाते आणि वही उघडण्याचाच कंटाळा येतो.

वही सर्वांच्या हाताशी ठेवावी. त्यामुळे बँकेचे गुप्त क्रमांक वा पासवर्ड तीत लिहू नयेत. एखादा दिवस लिहायचा राहिला, तर मागील पाने भरत न बसता त्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करावी. घरातील प्रत्येकाला ही वही वाचता येऊ लागली, म्हणजे साऱ्या घराची आठवण ठेवण्याचा भार एकाच व्यक्तीवर राहणार नाही.